बल्ब पेटंना झालाय: वाहकतेचा प्रयोग वर्गात फसतो तेव्हा

दोन सेल, टॉर्चचा एक बल्ब, तीन तारा. मध्ये खिळा ठेवला की बल्ब पेटतो, खोडरबर ठेवलं की पेटत नाही. पुस्तकात बघितलं तर या प्रयोगात बिघडण्यासारखं काहीच नाही. तरी दरवर्षी जुलै-ऑगस्टात आमच्या बेळगाव सीमाभागात खानापूरपासून निपाणीपर्यंतच्या ओळखीच्या शिक्षकांचे फोन येतात आणि मागून पोरांचा गलका ऐकू येतो, "सर, पेटंना झालाय की ओ!" मी हायस्कूलला विज्ञान शिकवतो. हा एकच बिघाड माझ्या आणि इतरांच्या वर्गात इतक्यांदा काढलाय, की आता लक्षण ऐकलं की हात कुठे घालायचा ते कळतं. म्हणून आधी लक्षणं.

लक्षणं

एक, काहीच पेटत नाही. खिळा नाही, चमचा नाही, काही नाही.

दोन, पेटतो पण मर्जीनं. तार दाबून धरली की पेटतो, सोडली की विझतो.

तीन, काही धातू पेटवतात, काही पेटवत नाहीत, आणि पोरं वहीत "ॲल्युमिनिअम दुर्वाहक" असं लिहून मोकळी होतात.

चार, धातूंना पेटतो पण मिठाच्या पाण्याला, लिंबाच्या रसाला पेटत नाही. आठवीच्या वर्गातून येणारी सगळ्यात जास्त तक्रार हीच.

पाच, पेटायला नको तिथे पेटतो. साखरेच्या पाण्यात एलईडी मिणमिणतो.

सहा, सगळं नीट पेटतं, पण "का पेटला?" विचारलं की उत्तर भलतंच येतं. हा बिघाड तारांमध्ये नसतो, पण मी तो याच यादीत धरतो.

टोकाला टोक

कशालाही हात लावायच्या आधी तपासणीची दोन्ही मोकळी टोकं एकमेकांना लावा. फुकटची तपासणी आहे, दोन सेकंदांची. पेटला तर सेल, बल्ब, जोड सगळं ठीक आणि दोष मधल्या वस्तूत. नाही पेटला तर वस्तूचा काही संबंध नाही, दोष सर्किटमध्ये. अर्धा शोध इथेच संपतो. तरीही बहुतेक जण हे सोडून थेट सेल बदलायला धावतात. मीही धावायचो. एकदा बाहेरून आलेल्या पाहुण्यांसमोर पाठ घेताना पंचवीस मिनिटं मी सेल उलटसुलट करत बसलो होतो. शेवटी मागच्या बाकावरची एक मुलगी उठून आली आणि होल्डरमधला बल्ब अर्धा आटा फिरवून बसली जागेवर. पेटला.

तेव्हापासून माझ्या वर्गात नियम आहे: प्रत्येक नवीन वस्तू लावण्याआधी टोकाला टोक. "लाकडाला पेटला नाही" हे वहीत लिहायचं, तर त्या क्षणी सर्किट जिवंत होतं याचा पुरावा हवा.

बल्ब

आधी आट्यावर घट्ट बसवा. मग काढून खिडकीच्या उजेडात धरा, आतली बारीक तार तुटलेली असली की दिसते. आणि मानेवर काय कोरलंय ते वाचा. टॉर्चच्या बल्बवर बहुधा २.५ व्होल्ट, ०.३ अँपिअर असं असतं. गावातल्या दुकानात तो नसला की सायकलच्या डायनामोचा सहा व्होल्टचा बल्ब हातात पडतो. दिसायला तसाच. दोन सेलवर तो जेमतेम लाल होतो, आणि उजेडाच्या वर्गात तेवढं दिसत नाही.

सेल

सेल उलटा बसलाय का ते बघितलंच असेल, पण दुसऱ्यांदा बघा.

मग विचारा, सेल कुठून आणला. "भिंतीवरच्या घड्याळातला काढून आणलाय सर, घड्याळ चालत होतं." इथेच फसगत आहे. घड्याळाला सरासरी एक मिलिअँपिअरसुद्धा लागत नाही, आपला बल्ब मागतो तीनशे. थकलेला सेल घड्याळ महिनोन्महिने ओढतो, पण बल्बला जोडला की मान टाकतो. मल्टिमीटरनं नुसता सेल मोजला तर १.४ व्होल्ट दाखवेल आणि तुम्हाला तो चांगला वाटेल. बल्ब जोडलेला असतानाच मोजा. एका सेलचे १.१ च्या खाली आले की तो बाजूला ठेवा. नवा आणि जुना एकत्र लावू नका. पहिल्या तासाला झकास पेटलेला बल्ब तिसऱ्या तासाला मंद झाला, तर पाठ चालू असताना कुणीतरी टोकं जोडूनच ठेवली होती, असं समजा.

बुडाशी पांढरी पावडर किंवा चिकट ओल दिसली तर सेल टाकून द्या, हात धुवा. पोरांना त्याला हात लावू देऊ नका.

जोड

आमच्याकडच्या पावसाळ्यातले बहुतेक बिघाड इथे असतात. कणकुंबी-जांबोटीच्या बाजूला जूनपासून जी ओल धरते, ती कपाटातल्या सेल बॉक्सच्या स्प्रिंगला सोडत नाही. स्प्रिंगवर तांबूस किंवा हिरवट थर दिसतो. लोखंडाच्या, तांब्याच्या अणूंनी हवा-पाण्याशी संयोग करून बनवलेला हा थर. धातूत वीज वाहते ती अणूंच्या बाहेरच्या कक्षेतले इलेक्ट्रॉन कुणा एका अणूला बांधलेले नसतात म्हणून. संयुगात तेच इलेक्ट्रॉन बंधात अडकतात आणि वाट बंद होते. पॉलिश पेपरचा तुकडा घेऊन चकाकी येईपर्यंत घासा. हे काम पोरांनाच द्या. "गंज" हा धडा आणि "वाहकता" हा धडा पुस्तकात लांब लांब असतात, स्प्रिंगवर मात्र एकाच जागी.

आता वाइंडिंगच्या तारेची गोष्ट. खानापूर तालुक्यातल्या एका शाळेत बाईंनी फार हौसेनं बारा गटांसाठी बारा संच केले होते. पंपाची मोटर भरून देणाऱ्या दुकानातून तांब्याची तार फुकट मिळालेली, लालबुंद, चकचकीत. बारापैकी एकही पेटला नाही. सेल नवे, बल्ब नवे. बाई फोनवर रडकुंडीला आल्या होत्या. मी एवढंच विचारलं, "तार कुठली?" मोटरच्या वाइंडिंगच्या तारेवर वार्निशचा पातळ पारदर्शक थर असतो. तो नसता तर एकावर एक गुंडाळलेले वेढे एकमेकांना चिकटून शॉर्ट झाले असते. रंग तांब्याचाच दिसतो, त्यामुळे कुणाला संशय येत नाही. प्रत्येक टोक दोन सेंटिमीटर ब्लेडनं किंवा पॉलिश पेपरनं सगळ्या बाजूंनी खरवडा, एका बाजूनं नव्हे. ब्लेडचं काम शिक्षकानंच करावं. बाईंनी रात्री बसून सगळी टोकं खरवडली आणि सकाळी बारा बल्ब पेटले.

उरलेली तार टाकू नका म्हटलं त्यांना. पुढे लागणार होती.

प्लास्टिकच्या वायरमध्ये दोष वेगळा असतो. सारख्या वाकवण्यानं आतलं तांबं तुटतं, वरचं प्लास्टिक अखंड राहतं. क्रोकोडाइल क्लिपच्या रबरी टोपीखालीही हेच. संशयित तार वस्तू म्हणून मध्ये लावा आणि हलवून बघा. लुकलुकली की फेका. सेलोटेपनं चिकटवलेले जोड एक तासही टिकत नाहीत, पीळ मारून मग टेप लावा.

मधली वस्तू

टोकाला टोक पेटतंय, पण वस्तूला पेटत नाही. "दुर्वाहक" लिहायच्या आधी तिचं कातडं बघा. खिळ्याला रंग असतो, किल्लीला लॅकर, स्टीलच्या डब्याला तेलाचा हात. वेफर्सच्या पाकिटाची आतली चांदी बहुतेक वेळा पेटवत नाही, कारण धातूचा झिरझिरीत थर प्लास्टिकच्या दोन पदरांत दडलेला असतो.

ॲल्युमिनिअमचं थोडं खोलात सांगतो. या धातूवर हवेत आपोआप ऑक्साइडचा अतिशय पातळ थर बसतो. ॲल्युमिनिअमच्या अणूजवळ बाहेरच्या कक्षेत तीन इलेक्ट्रॉन असतात. धातूत ते मोकळे फिरतात, ऑक्साइडमध्ये ऑक्सिजनच्या ताब्यात जातात. म्हणून धातू उत्तम वाहक आणि त्याच अणूंचा ऑक्साइड पक्का दुर्वाहक. हा ऑक्साइड म्हणजेच ॲल्युमिना, आपल्या बेळगावात यमनापूरच्या कारखान्यात बॉक्साइटपासून काढतात तोच. तारेचं टोक फॉइलला नुसतं टेकवलं तर हा थर आड येतो, जोर देऊन खरचटलं की फुटतो आणि बल्ब पेटतो. पोरांना दोन्ही करून दाखवा, आधी टेकवून, मग खरचटून. "अणू तेच, मग उत्तर का बदललं?" हा प्रश्न फळ्यावर लिहून दोन मिनिटं गप्प बसा. मला अख्ख्या धड्यात यापेक्षा चांगली जागा सापडलेली नाही.

पेन्सिलही अशीच. शिसं म्हणतात त्यात शिसं नसतंच, ग्रॅफाइट आणि चिकणमाती असते. ग्रॅफाइटमध्ये कार्बनचा प्रत्येक अणू तीन शेजाऱ्यांशी बांधलेला असतो, चौथा इलेक्ट्रॉन मोकळा. हिऱ्यात चारही बांधलेले. म्हणून ग्रॅफाइट वाहक, हिरा नाही. दोन्ही टोकांना तासलेल्या अख्ख्या पेन्सिलीला बल्ब पेटला नाही तर घाबरू नका. मातीमुळे रोध वाढतो, कडक पेन्सिलीत माती जास्त. दोन्ही तारा एकाच टोकाच्या शिशावर अर्ध्या सेंटिमीटर अंतरावर आणा, उजेड वाढत जाईल.

द्रव: इथे बिघाड नसतोच

चौथ्या लक्षणाचे फोन आले की मी एक वाक्य सांगतो. बल्ब पेटला नाही म्हणजे वीज गेली नाही, असं नव्हे. या बल्बला पुरेल एवढी गेली नाही.

मिठाच्या पाण्यात इलेक्ट्रॉन धावत नाहीत. तिथे सोडिअम आणि क्लोराइडचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, पाण्यातून वाट काढत सरकतात. शिवाय टोकांपाशी रासायनिक क्रिया घडवायला व्होल्टचा काही भाग खर्ची पडतो. दोन सेलच्या तीन व्होल्टमधून त्या सर्किटला हाती येतात मोजकेच मिलिअँपिअर. बल्बला हवेत तीनशे. तार तापते, पण उजेड पडण्याइतकी नाही.

उपाय एलईडी. दोन-चार रुपयांचा लाल एलईडी पाच-दहा मिलिअँपिअरवर झगझगीत पेटतो, एक मिलिअँपिअरच्या खालीही मिणमिणतो. पण त्याच्या तीन अटी आहेत. लांब पाय अधिक टोकाकडे, उलटा लावला तर पेटणारच नाही. सेल तीन हवेत, दोन नकोत: एलईडी स्वतः सुमारे १.८ व्होल्ट खातो, द्रवाला काहीतरी उरायला पाहिजे. पांढरा एलईडी सुमारे तीन व्होल्ट खातो, तो या कामाला घेऊच नका. आणि मालिकेत २२० ओहमचा रोध लावा, त्यावर लाल-लाल-तपकिरी पट्टे असतात. नाहीतर टोकाला टोक लावताच एलईडी जळेल. बेळगावच्या खडेबाजारात कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मूठभर मिळतात.

टोकांसाठी दोन स्टीलचे खिळे किंवा तासलेल्या पेन्सिली थर्माकोलच्या तुकड्यात एक सेंटिमीटर अंतरावर खोचा. अंतर हातानं धरलं तर दर गटाचं उत्तर वेगळं येतं आणि तुलना वाया जाते.

पाचवं लक्षण, साखरेच्या पाण्यात मिणमिणणं, याचं कारण बहुतेक वेळा आधीचा पेला असतो. मिठाच्या पाण्यातली टोकं तशीच साखरेत बुडवली. साखरेचे रेणू पाण्यात अख्खेच विरघळतात, त्यांच्यावर भार नसतो, ते वीज नेत नाहीत. पण नळाच्या, त्याहून जास्त बोअरच्या पाण्यात क्षार असतातच. म्हणून क्रम ठरवा: डिस्टिल्ड पाणी, त्यात साखर, मग नळाचं पाणी, लिंबू, शेवटी मीठ. मध्ये प्रत्येक वेळी टोकं धुवा. डिस्टिल्ड पाणी बॅटरीवाल्याकडे मिळतं. आणि आपल्याकडे पावसाळ्यात दुसरी सोय आहे: तासभर धो धो पडून गेल्यावर उघड्यावर स्वच्छ पातेलं ठेवा. पन्हाळीचं पाणी नको, त्यात छपराची धूळ येते.

आता ती उरलेली वाइंडिंगची तार. काड्यापेटीच्या आतल्या खणात लहान होकायंत्र ठेवा, खणाभोवती तारेचे चाळीस वेढे घ्या. वेढे सुईला समांतर हवेत. टोकं खरवडा आणि हे सगळं बल्बच्या मालिकेत जोडा. मिठाच्या पाण्यात टोकं बुडवली की बल्ब काळाच राहतो आणि सुई मात्र हलते. वेढे एकमेकांना चिकटलेले असूनही शॉर्ट होत नाहीत, ते त्याच वार्निशमुळे. तारेतल्या विजेनं सुई हलते हे ओर्स्टेडनं १८२० साली दाखवलं, इलेक्ट्रॉन सापडायला अजून ७७ वर्षं होती. लोखंडी बाकावर किंवा मोबाइलशेजारी ठेवलं तर सुई तुमचं ऐकणार नाही.

सगळं पेटतंय, उत्तर चुकतंय

सीमाभागातला एक घोळ पुण्या-मुंबईकडच्या शिक्षकाला सहसा कळणार नाही. मराठीत अणू म्हणजे अणू, दोन-तीन जुळले की रेणू. कन्नडमध्ये मात्र आपल्या अणूला परमाणू म्हणतात आणि आपल्या रेणूला अणू. हिंदीतही तसंच. आमची पोरं शाळेत मराठीत शिकतात, ट्यूशन कन्नडमधून, मोबाइलवर व्हिडिओ हिंदीतून. "पाण्याचा अणू" असं लिहिणारा मुलगा चुकलेला नसतो, त्यानं दुसऱ्या भाषेतला बरोबर शब्द लिहिलेला असतो. मी पहिल्याच दिवशी फळ्याच्या कोपऱ्यात दोन्ही भाषांची जोडी लिहितो आणि धडा संपेपर्यंत पुसू देत नाही.

दुसरी चूक सगळीकडची: "बल्ब करंट खाऊन टाकतो." एकाच जातीचे दोन बल्ब मालिकेत लावा. पहिला खात असता तर दुसरा मंद दिसला असता, दोन्ही सारखेच दिसतात. मग दोरीचं कडं करा. पंधरा पोरं गोल उभी, दोरी सगळ्यांच्या मुठीतून सैल. एक जण ओढतो, तो सेल. दोरी सगळीकडे एकदमच हलते. एकानं मूठ आवळली की त्याचा तळवा तापतो, तो बल्ब. दोरी मात्र जेवढी गेली तेवढीच परत येते. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेतून एक अँपिअर जाताना इलेक्ट्रॉन सेकंदाला साधारण ०.०७ मिलिमीटर सरकतो. एक मीटर जायला जवळजवळ चार तास. दहाच्या प्रार्थनेला निघालेला इलेक्ट्रॉन जेवणाच्या सुट्टीनंतर पोहोचतो, बल्ब मात्र लगेच पेटतो. हे ऐकून वर्गात जो आरडाओरडा होतो तो होऊ द्या.

इथे थांबा

"टेस्टर" हा शब्द वर्गात वापरू नका. आपल्या घरोघरी टेस्टर म्हणजे सॉकेटमध्ये घालायचा स्क्रूड्रायव्हर. "आज आपण टेस्टर बनवला" ऐकून घरी गेलेला पोरगा खिळा-तारेचा संच २३० व्होल्टच्या सॉकेटला लावून बघू शकतो. मी त्याला तपासबल्ब म्हणतो, आणि हा संच भिंतीकडे न्यायचा नाही हे प्रत्येकाच्या तोंडून वदवून घेतो.

सेल हाताला गरम लागला तर सोडवून ठेवा आणि बाजूला व्हा. मोबाइलची बॅटरी, इन्व्हर्टरची बॅटरी प्रयोगाला घेऊ नका. पेन्सिलीची टोकं मिठाच्या पाण्यात जास्त वेळ ठेवली आणि स्विमिंग पूलसारखा वास आला, तर तो क्लोरीन. टोकं काढा, खिडक्या उघडा. बटन सेल वर्गात आणूच नका. एखाद्यानं गिळला असेल, नुसता संशय असला तरी, उलटी करायला न लावता थेट दवाखाना गाठा.

प्रयोगशाळेच्या बोर्डाला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, एमसीबी सारखा पडत असेल, ओल्या भिंतीत स्विच असेल, तर तो विज्ञान शिक्षकाचा विषय नाही. मुख्याध्यापकांना लेखी द्या, खोली बंद करा आणि परवानाधारक इलेक्ट्रिशियन बोलवा. अर्थिंग आहे की नाही ते त्यानं मोजून सांगायचं, आपण अंदाज करायचा नाही. मीटरच्या पलीकडचं, खांबावरचं काही असेल तर हेस्कॉम, म्हणजे आमच्याकडची वीज कंपनी.

राहिला सेलच्या जागी वापरतात तो एलिमिनेटरचा डबा. गुणगुणतोय, तापतोय, वास येतोय, तर प्लग काढा आणि स्क्रू तसेच राहू द्या. आतला कपॅसिटर प्लग काढल्यावरही भार धरून बसलेला असू शकतो. असे तीन डबे आतापर्यंत माझ्याकडे "सर, बघा की ओ जरा" म्हणून आले. तिन्ही मी न उघडता उद्यमबागेतल्या एका दुरुस्तीवाल्याकडे पोचवले.